तळ्यातल्या मातीची टेकडी

बाबा,

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले आणि माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकते. सुनेने सासऱ्यावर रागवावं की नाही, असा प्रश्न आपल्यात कधी आलाच नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सांगितलं होतं, "अश्विनी, मला चहा गोड लागतो आणि भांडण समोरासमोर लागतं. बाकी तुझं तू बघ." चहाचं मी सांभाळलं. भांडण मात्र तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात.

सोलापुरात तुमच्या पुण्यानुमोदनाला माणसं मावत नव्हती. भंतेजींचं झाल्यावर एकेक जण उठून बोलला. महापालिकेत साधे माळी म्हणून लागलात, उद्यान अधीक्षक म्हणून निवृत्त झालात, कुठल्या रस्त्याची कुठली झाडं तुमची, बागेचं कुंपण काढून पलीकडच्या वस्तीतल्या बायकांना संध्याकाळी बसायला जागा कशी करून दिलीत. सगळं खरं होतं. मी मागच्या रांगेत तुमच्या नातीला, ईराला, मांडीवर घेऊन ऐकत होते आणि मला एकच दिवस आठवत होता. एप्रिलमधला, बीजिंगमधला. त्या दिवशी काय झालं, हे तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या शेजारी बसलेल्या तुमच्या मुलालाही, संदीपलाही नाही.

त्या दिवसाचं मूळ इथलंच, जर्मनीतलं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आला होतात तेव्हा आम्ही तुम्हाला मानहाइमच्या मोठ्या बागेत नेलं होतं. तिथे चिनी पद्धतीचं एक चहाघर आहे, पुढे छोटं तळं, वाकडातिकडा पूल. ईरा पुलावरून पळत होती. तुम्ही तळ्याच्या कडेचे दगड निरखत उभे होतात. मला म्हणालात, "बांधलंय छान. पण हा नमुना झाला. मूळ बाग कुठंय?" मी फोनवर शोधून दाखवली. बीजिंगचा समर पॅलेस, चिनी बादशहांची उन्हाळ्यातली बाग आणि राजवाडा. तुम्ही खिशातली डायरी काढून नाव देवनागरीत लिहून घेतलंत. मला वाटलं, संपलं.

या फेब्रुवारीत मी फोनवर सहज बोलून गेले, की ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर बीजिंगला जायचंय. तुम्ही म्हणालात, "ती बाग तिथंच ना? मग यंदा जर्मनीला येताना मी जरा वाकडी वाट करतो." संदीप म्हणाला, बाबा, एकट्याने चीन? तुम्ही म्हणालात, "एकटा कुठं, सून आहे की." आणि मुंबईला जाऊन व्हिसासुद्धा काढून आणलात.

बीजिंगच्या विमानतळावर तुम्ही बाहेर आलात तेव्हा पांढरा शर्ट, स्वेटर, डोक्याला माकडटोपी. बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. तपासणीवरच्या मुलीने चटणीची पिशवी उघडून वास घेतला आणि तिला ठसका लागला, तेव्हा तुम्ही तिला आपल्या बाटलीतलं पाणी देऊ केलंत. हे तुम्ही मला ट्रॉलीला रेलून, हसत सांगितलं. रेलून. ते मी पाहिलं होतं, बाबा. मला वाटलं प्रवासाचा शीण असेल.

शनिवारी सकाळी आपण बागेत गेलो. आत शिरताच सगळे राजवाड्याच्या छपरांचे फोटो काढत होते आणि तुम्ही एका जुन्या सरूच्या झाडापाशी थांबलात. त्याच्या बुंध्यावर छोटी पत्र्याची पाटी होती, तिच्यावर नंबर. पुढच्या झाडावरही. मी फोनवर भाषांतर करून सांगितलं, लाल पाटी म्हणजे झाड तीनशे वर्षांच्या वरचं, हिरवी म्हणजे शंभराच्या वरचं. तुम्ही टोपी काढलीत. "निवृत्त होईपर्यंत मी हेच ओरडत होतो," म्हणालात. "जुन्या झाडांना नंबर द्या, नोंद ठेवा." एक झाड तळ्याच्या बाजूला झुकलं होतं, त्याला लोखंडी टेकू लावला होता. तुम्ही वाकून बघितलंत. "पट्ट्याखाली रबर घातलंय बघ. साल कापू नये म्हणून. कुणीतरी जाणत्या माणसाचं काम आहे हे." राजवाडा बघायला आलेल्या त्या हजारो माणसांत टेकूखालचं रबर बघणारे तुम्ही एकटेच असाल.

मग तळं आलं. नजर पुरेना एवढं. काठापर्यंत उजेडाने चमकणारं पाणी, पलीकडे बांधावर विलोची कोवळी पोपटी झाडं, त्यांच्यामध्ये गुलाबी फुललेली पीच. आणि आपल्या बाजूला टेकडी, टेकडीवर बुद्धाचा उंच मनोरा. मी पाटीवरचं इंग्रजी वाचून दाखवत होते, की हे तळं माणसांनी खोदून मोठं केलं आणि निघालेल्या मातीची भर या टेकडीवर घातली. तुम्ही म्हणालात, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. तुम्ही तळ्याकडे बघितलंत, टेकडीकडे बघितलंत, आणि कठड्यावर बसलात.

"बहात्तरच्या दुष्काळात मी पंधराचा होतो," तुम्ही म्हणालात. "पाझर तलावाचं काम होतं. मी टिकाव मारायचो, आई घमेलं उचलायची. दिवसभर माती काढायची आणि बांधावर नेऊन टाकायची. दुपारी कामावर खायला गोड सुकडी मिळायची. आई आपल्यातली अर्धी मला द्यायची आणि म्हणायची, मला गोड चालत नाही. मला ते खरं वाटायचं." तुम्ही थांबलात. "एवढी माती, अश्विनी. ही कुणाच्या डोक्यावरून गेली असेल?"

सोळा वर्षं तुमची सून होते, आणि तुमच्या आईबद्दल तुम्ही मला हे पहिल्यांदा सांगत होतात.

तिथून तळ्याच्या काठाने ती लांबच लांब ओसरी सुरू झाली, रंगवलेल्या तुळयांची. प्रत्येक तुळईवर वेगळं चित्र. तुम्ही थोडं चालायचात आणि बसायचात. थोडं चालायचात आणि बसायचात. दोन्ही बाजूंना बसायला फळ्या होत्याच. मी खूश होते, बाबांना चित्रं आवडली म्हणून.

मनोऱ्याच्या पायऱ्यांपाशी मात्र चित्रं नव्हती. उभ्या चढाच्या दगडी पायऱ्या. तुम्हाला वर जायचंच होतं, वरती बुद्धमूर्ती आहे म्हणून. पहिल्या पायऱ्या तुम्ही बऱ्या चढलात. मग तुमचा हात भिंतीला गेला. मी मागे वळून बघितलं तर तुमचे ओठ पांढरे पडले होते आणि कपाळावर घाम. त्या थंड हवेत.

मी तुम्हाला धरून खाली आणलं, सावलीतल्या बाकावर बसवलं. पाणी दिलं. तुम्ही बराच वेळ डोळे मिटून होतात. मग डोळे न उघडताच म्हणालात, "बस खाली. एक सांगायचंय."

तुम्ही ते ज्या पद्धतीने सांगितलंत, ते मी जन्मात विसरणार नाही. "बागेतल्या पाण्याच्या लाइनवर व्हॉल्व्ह असतो ना, आपल्या सोलापूरच्या पाण्यात त्याला क्षार धरतो. मग तो पुरता उघडत नाही. माझ्या हृदयातला एक तसा झालाय. डॉक्टर म्हणतात, बदला."

"कधी म्हणाले?"

"मार्चमध्ये."

"मग?"

"मग काय. चीनला आलो."

"तुम्ही वेडे आहात का?" मी ओरडलेच. शेजारच्या बाकावरची आजी वळून बघायला लागली. मी तुमच्याशी असं कधीच बोलले नव्हते. तुम्ही हसलात.

"संदीपला सांगितलंत?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

मी का म्हणून विचारलं, पण मला उत्तर माहीत होतं. संदीपच्या आईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट आपल्या घरात कुणी काढत नाही. आई नको म्हणत होत्या. संदीप इथून रोज फोन करून त्यांना पटवत होता, आई, नातीच्या मागे पळायचंय ना, मग करून घे. ईरा तेव्हा वर्षाची होती. ऑपरेशन चांगलं झालं आणि तिसऱ्या दिवशी रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन आई गेल्या. कुणाचीच चूक नव्हती. डॉक्टरांनी समजावलं, तुम्ही समजावलं, मी समजावलं. पण तेव्हापासून संदीप बदलला. मागे ईराचे टॉन्सिल काढायचे की नाही एवढं ठरवायचं होतं, तर तो फॉर्म हातात घेऊन तासभर बसला आणि शेवटी माझ्यापुढे सरकवून बाहेर निघून गेला.

"त्याला सांगितलं की तो विचारणार, काय करू," तुम्ही म्हणालात. "करा म्हणाला आणि मी गेलो, तर तो उठायचा नाही. नको म्हणाला आणि मी गेलो, तरी उठायचा नाही."

"आणि मी?"

"तू उठशील."

बाबा, या दोन शब्दांसाठी मी तुमच्यावर रागावलेली आहे. तुम्ही ते कौतुकाने म्हणालात, हे मला कळतं. पण कुणी विचारलं होतं मला? जी उठू शकते तिच्याच डोक्यावर घमेलं द्यायचं, हा कुठला न्याय? हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. मी फक्त रडले. तुम्ही माकडटोपी माझ्यापुढे धरलीत, डोळे पुसायला.

मग आपण व्यापाऱ्यांसारखी घासाघीस केली. मी म्हटलं, जर्मनीत दाखवू. तुम्ही म्हणालात, नाही. मी म्हटलं, मग पुण्यात, लगेच. तुम्ही म्हणालात, "पावसाळ्यात त्या पाझर तलावाच्या बांधावर झाडं लावायचीत. गावातल्या पोरांना शब्द दिलाय. रोपं धरली की ऑक्टोबरात करतो. आणि संदीपला मी स्वतः सांगतो. तोवर तू गप्प राहायचं." मी शब्द दिला. चूक केली की बरोबर, मला आजही ठरवता येत नाही.

मग तुम्ही मला वर पाठवलंत. "मी नाही तर नाही. तू जाऊन ये. आणि नीट बघ, येऊन मला सांग." मी रागारागाने त्या सगळ्या पायऱ्या चढले. वर ती उंच, सोनेरी, शांत चेहऱ्याची मूर्ती होती, तिला कितीतरी हात. मला नीट बघताच आलं नाही. मी बाहेरच्या सज्ज्यात आले आणि खाली तुम्हाला शोधायला लागले. बाक रिकामा होता. पायऱ्या कशा उतरले ते मला आठवत नाही.

तुम्ही बाकापासून थोड्या अंतरावर, फरशीवर, गर्दीच्या मधोमध उभे होतात. हातात झाडूएवढा मोठा ब्रश. तिथे एक म्हातारे चिनी गृहस्थ पाण्यात ब्रश बुडवून दगडी फरशीवर अक्षरं काढत होते, आणि त्यांनी तुम्हाला ब्रश दिला होता. तुम्ही वाकून, सावकाश, शाळेतल्या पुस्तीसारखं लिहिलंत: ठकूबाई. मग वरची रेघ ओढलीत. त्या गृहस्थांना वाटलं तुम्ही लिहिलेलं खोडताय, ते हात हलवून नाही नाही करायला लागले. तुम्ही त्यांना खुणेने समजावलंत, ही रेघ अशीच असते, घराच्या आढ्यासारखी. त्यांनी तुमच्या हातून ब्रश घेतला आणि तुमचं बघून, शेजारीच, तुमच्या आईचं नाव लिहिलं. रेघेसकट. ठ जरा बिघडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हवा थंड असली तरी ऊन कडक होतं, दोन्ही नावं बघता बघता वाळून गेली. तुमच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. तुम्ही मला बघून म्हणालात, "आलीस? कशी होती मूर्ती?"

मी म्हटलं, "हात खूप होते."

"मग त्यांना कामाला माणसं कमी पडली नसणार," तुम्ही म्हणालात.

दुपारी आपण त्या दगडी नावेसमोर बसून भाकरी आणि चटणी खाल्ली. संगमरवरी नाव, तळ्याच्या काठाला कायमची उभी. कुण्या राजमातेने हौसेने नव्याने सजवून घेतलेली. तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात, "देखभालीला सोपी," आणि तोंडात चटणी असताना इतके हसलात की मला पुन्हा भीती वाटली.

पुढचे तीन महिने तुम्ही आमच्याकडे होतात. वाल्डॉर्फजवळच्या आमच्या छोट्या गावात तुमची सगळ्यांशी ओळख झाली. शेजारच्या फ्राउ केलर गुलाब चुकीच्या ठिकाणी छाटत होत्या, ते तुम्हाला तीन दिवस बघवलं नाही. चौथ्या दिवशी तुम्ही कुंपणापाशी जाऊन त्यांच्या हातातून कात्री मागून घेतलीत. त्यांना मराठी येत नव्हतं, तुम्हाला जर्मन येत नव्हतं, तरी तासाभराने त्या "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, करत होत्या. आता त्या मला भेटल्या की विचारतात, यंदा गुलाब केव्हा छाटू.

ईराशी तुम्ही मराठीत बोलायचात आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. तुम्ही म्हणायचात, "कळतंय ना तिला? मग भाषा तिची तिने निवडावी." मी यावर सोळा वेळा तुमच्याशी वाद घातला असेल.

संदीप रोज सकाळी कायझर्सलाउटर्नला संशोधन संस्थेत जायचा, संध्याकाळी येऊन तुमच्यासोबत फिरायला निघायचा. खिडकीतून मी तुम्हा दोघांना बघायची. तुम्ही पावलापावलावर थांबून त्याला एखादं झाड दाखवायचात. तो म्हणायचा, बाबा हल्ली किती निवांत झालेत ना, पूर्वी यांच्यामागे धावावं लागायचं. मी भाजी ढवळत राहायची. तुम्ही ओट्यापाशी पाणी प्यायला यायचात, माझ्याकडे बघायचात, मी तुमच्याकडे. मी ओठ हलवून म्हणायची, सांगा. तुम्ही म्हणायचात, "मीठ घातलंस का?"

सप्टेंबरच्या शेवटी मी तुम्हाला ऑफिसमधून सोलापूरला फोन केला. म्हटलं, "बाबा, ऑक्टोबर आला."

"आला की. कॅलेंडर माझ्याकडेही आहे. रोपं छान धरलीत. परवा बांधावर जाऊन आलो."

"बांधावर? चढून?"

तुम्ही पावसाचं सांगायला लागलात.

"मग आता मीच सांगते संदीपला. आज सांगते." माझा आवाज चढला होता.

"रविवारपर्यंत थांब," तुम्ही म्हणालात. "रविवारी मी फोन करतो आणि सांगतो. शब्द."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. नीट निरोपही घेतला नाही. मीटिंग होती. शुक्रवारी दुपारी तुम्ही जेवून खुर्चीत बसलात, आणि चहाला हाक मारायला आलेल्या शेजारच्या काकूंना तुम्ही तसेच बसलेले दिसलात.

रविवारी आम्ही सोलापुरात होतो.

तुम्ही खरंच सांगणार होतात का, बाबा? मी दिवसातून दहा वेळा हे विचारते. कधी वाटतं हो. कधी वाटतं, सोमवारी तुम्ही म्हणाला असता, फोनची लाइन लागली नाही.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी संदीप तुमचं कपाट आवरत होता. मी शेजारच्या खोलीत तुमचे शर्ट घडी करत होते. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून मी गेले. तो जमिनीवर बसला होता, मांडीवर हृदयाच्या तपासणीची फाइल. त्याने वर बघितलं.

"मार्चचं आहे हे," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये तू त्यांच्याबरोबर होतीस. तुला काही जाणवलं नाही?"

खोटं बोलता आलं असतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, खोटंच बोल. पण मला ते जमलं नाही.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "त्यांनी तिथेच सांगितलं. तुला सांगू नकोस म्हणाले."

त्याने फाइल बंद केली. दोरी बांधली, नीट, दोन गाठी मारून. मग माझ्याजवळून, मला धक्का लागणार नाही याची काळजी घेत, बाहेर गेला.

त्यानंतर तीन आठवडे आमच्या घरात माणसं बोलली ती फक्त कामाचं. ईराला शाळेतून कोण आणणार. कचऱ्याचा पिवळा डबा कधी बाहेर ठेवायचा. एकदा जेवताना तो ईराला म्हणाला, आईला विचार, मीठ हवंय का. तिने चमचा खाली ठेवला आणि जर्मनमध्ये म्हणाली, "मी काय तुमचं पोस्ट ऑफिस आहे?" कुणीच हसलं नाही. तुम्ही मला उठशील म्हणाला होतात. मी उठत होते. रोज उठत होते, डबा करत होते, ऑफिसला जात होते. पण त्या तीन आठवड्यांत मी तुमचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही, हे तुम्हाला माहीत असावं.

मग एका शनिवारी सकाळी तो मागच्या अंगणातली पानं गोळा करत होता. मी चहा घेऊन गेले, कठड्यावर कप ठेवला आणि वळले. तो म्हणाला, "थांब. सांग मला. तो दिवस. पहिल्यापासून."

मी पायरीवर बसले आणि सांगितलं. विमानतळापासून. झाडांच्या पाट्या, टेकूखालचं रबर, तळ्यातल्या मातीची टेकडी, सुकडी, पायऱ्या, व्हॉल्व्ह. तुम्ही त्याच्याबद्दल जे म्हणालात तेही, शब्द न बदलता. ते ऐकताना त्याने माझ्याकडे पाठ केली. खांदे हलत होते. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. ठकूबाई कुणी कुणी लिहिलं ते सांगितलं. दगडी नाव सांगितली, देखभालीला सोपी.

तो वळला. चेहरा ओला होता आणि तो हसत होता. "देखभालीला सोपी," तो म्हणाला. "हेच म्हणणार ते." मग दंताळं भिंतीला टेकवून माझ्या शेजारी बसला. गार झालेला चहा हातात घेऊन म्हणाला, "मला कळलं असतं ना, तर मी त्यांचं तिकीटच रद्द केलं असतं. त्यांना हा दिवस मिळालाच नसता."

"हो," मी म्हटलं. "पण कदाचित आज ते असते."

"हो," तो म्हणाला. "कदाचित." आम्ही दोघांनीही ते तसंच ठेवलं. तुमच्याशी आता वाद घालता येत नाही, तर आपसात तरी किती घालायचा.

त्या दुपारी त्याने तुमचा रिपोर्ट पहिल्यांदा पूर्ण वाचला. शेवटच्या पानावर, खाली, डॉक्टरांच्या हाताने इंग्रजीत दोन ओळी होत्या. हृदयाच्या झडपेला तीन पाकळ्या असतात, तुमच्या जन्मापासूनच दोन आहेत. हे घराण्यात उतरू शकतं, मुलांची तपासणी करून घ्यावी. तुम्ही त्या ओळी वाचल्या होत्या का, बाबा? अक्षर फार वाईट आहे. मी असं धरून चालले आहे की तुम्हाला ते वाचता आलं नाही. मला तसं धरून चालायला हवंय. मुलाला जपायचं म्हणून तुम्ही तोंड मिटलंत, आणि त्याला खरोखर जपणारी गोष्ट त्या मिटल्या तोंडामागे राहिली. तुमच्यावर मी कितीही माया केली तरी हे तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल.

संदीप आमच्या डॉक्टरांकडे गेला, त्यांनी चिठ्ठी दिली. हृदयाच्या डॉक्टरांचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, इथे महिनोन्‌महिने मिळत नाही, पण कुणीतरी रद्द केलेली वेळ त्याला मिळाली. मला म्हणाला, गुरुवारी आहे, तू येऊ नकोस, साधी सोनोग्राफीच आहे. मला वाटलं, सुरू झालं. बापाचा लेक. आता हाही मला म्हणेल, मीठ घातलंस का.

गुरुवारी दुपारी मी ऑफिसात होते. रिसेप्शनवरून फोन आला, खाली कुणीतरी थांबलंय. इतक्या वर्षांत संदीप माझ्या ऑफिसला कधी आलेला नाही. तो दारापाशी उभा होता, सायकलचं हेल्मेट हातात, त्या दोन्ही हातांचं काय करावं हे न कळल्यासारखा.

"दोनच आहेत," तो म्हणाला. "बाबांसारख्याच. पण सध्या नीट उघडतेय. औषध नाही, काही नाही. वर्षातून एकदा बघायचं." मग श्वास घेऊन म्हणाला, "घरी जाऊन वाट बघत बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत मी सांगायचं टाळलं असतं. म्हणून सरळ इकडे आलो."

मी तिथेच, रिसेप्शनसमोर, त्याला मिठी मारली. हेल्मेट माझ्या बरगडीत घुसलं.

"ईराचंही बघावं लागेल," तो म्हणाला.

"तिला काय सांगायचं?"

"जे आहे ते. आज जेवताना. दोघं मिळून."

तुम्ही असता तर म्हणाला असता, एवढ्याशा पोरीला कशाला ते. आम्ही सांगितलं. संदीपने कागदावर झडपेचं चित्र काढलं, एक तीन पाकळ्यांची, एक दोन. आजोबांना होतं, मला आहे, तुला आहे का ते बघायचंय. तिने जर्मनमध्ये विचारलं, दुखतं का. तो मराठीत म्हणाला, नाही, पोटावरून यंत्र फिरवतात तसं छातीवरून फिरवतात, थंडगार जेली लावून. तिने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. विचारलं, त्यांची झडप बिघडलीय हे आजोबांना माहीत होतं? आम्ही दोघंही हो म्हणालो. मग त्यांनी सांगितलं का नाही? संदीप म्हणाला, "घाबरले होते गं. स्वतःसाठी नाही. माझ्यासाठी."

तिने थोडा विचार केला. "आल्झो, ओके," म्हणजे बरं तर, म्हणाली, आणि ताट पुढे करून आणखी एक पोळी मागितली.

इतकं सोपं होतं हो, बाबा.